सहाव्या वर्षी छेदणाऱ्या रेषा

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असा आपल्याकडे दंडक आहे. अण्णांच्या तेराव्याला मी पानावर बसलो होतो तेव्हा डाव्या-उजव्या हाताला तेच चाललं होतं. काय जपून वापरायचे हो वस्तू! असा माणूस आता होणे नाही! माझ्या तोंडात वडा होता हे बरं झालं. नाहीतर मी काहीतरी बोलून गेलो असतो, आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, त्या दिवशी ते ऐकवणं बरं दिसलं नसतं.

अण्णा आमच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. कावेरीच्या कालव्यांचे नकाशे काढायचे. आधी हातानं, मग कॉम्प्युटर आले तेव्हा कॉम्प्युटरवर. मी त्याच सेक्शनला क्लार्क. वयानं त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. कावेरीकाठी राज्य केलेल्या मराठे राजांच्या जुन्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतच ते राहायचे. लग्न केलं नव्हतं. अक्का लवकर विधवा होऊन परत आल्या आणि बहीणभावाचा संसार चाळीस वर्षं चालला. चालला म्हणजे, अण्णांच्या भाषेत, 'कंडिशनमध्ये' राहिला.

नोकरीला लागताना घेतलेली मोपेड त्यांनी निवृत्तीनंतरही वापरली. इंजिन दोनदा बदललं, चाकं, सीट, टाकी, हँडल सगळं एकेक करून बदललं. मूळचं काय उरलंय, असं कुणी विचारलं की गंभीरपणे सांगायचे, "नंबर." छत्रीचं कापड चौथं, दांडा दुसरा. कचेरीतले कॉम्प्युटर दर अमावास्येला उघडून ते धूळ झटकायचे. अमावास्याच का, तर तारीख विसरते, अमावास्या विसरत नाही. आयुधपूजेला आम्ही सगळे मशीनवर वरून गंध-कुंकू लावून मोकळे होत असू. अण्णा डबा उघडून आतल्या प्रत्येक भागाला वेगळं गंध लावायचे. पंख्याला एक, डिस्कला एक, मेमरीच्या पट्टीला अगदी काडीच्या टोकानं. नवा इंजिनिअर हसला तेव्हा त्याला म्हणाले, "तुम्ही दाराला नमस्कार करता साहेब, मी घरातल्या माणसांला."

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. मलाही वाटायचं. त्यांच्या घरात राहावं लागत नव्हतं ना.

त्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक ग्राइंडर होता, इडलीचं पीठ वाटायचा, दगडी. त्याच्यावर शिवून घेतलेलं कापड. अक्का डाळ-तांदूळ भिजवायच्या आणि शेजारच्या घरी वाटायला घेऊन जायच्या. मी एकदा विचारलं, ग्राइंडर बिघडलाय का? सगळ्याला 'अस्कं' म्हणणाऱ्या आमच्या इकडच्या मराठीत अक्का म्हणाल्या, "बिघडतो कशाला? तो अस्कं चांगला अहे. महिन्यातून एकदा हा त्याला पाच मिनिटं फिरवतो, पुसतो, झाकून ठेवतो. याच्या हातात पडलेलं काही मरत नाही बघ. पण चालत पण नाही."

अण्णा आतून ओरडले, "चालवलं की झिजतं अक्का!"

"आणि मी?" अक्का म्हणाल्या. "मी झिजत नाही का रे?"

अण्णांनी चष्मा काढला. अडले की ते चष्मा पुसायचे.

आता कॉम्प्युटरवरच्या खेळांकडे येतो, कारण माझं आणि त्यांचं जे काही झालं ते त्यावरून झालं. साठीला आलेला हा माणूस गेम खेळायचा. दर रविवारी सकाळी, अंघोळीनंतर, घड्याळ लावून चाळीस मिनिटं. मौजेसाठी नव्हे, ग्राफिक्स कार्डाला व्यायाम म्हणून. विमान चालवायचा खेळ होता. जगातले सगळे विमानतळ त्यात होते. अण्णा आमच्या जवळच्या त्रिचीहून उडायचे, वर एक गोल फेरी मारायचे आणि त्रिचीलाच उतरायचे. कधी सिंगापूर बघा तरी, मी म्हणायचो. "कशाला? कार्ड तापतं," असं उत्तर यायचं.

माझी मुलगी अकरा वर्षांची झाली तेव्हा तिनं कन्सोल मागितला. टीव्हीला जोडायचा तो खेळांचा डबा. माझ्या बहिणीच्या दोन्ही मुलांना मेहुण्यांनी नुकताच घेऊन दिला होता आणि मुलगी रोज संध्याकाळी तिकडेच पडीक असायची. तिथे कंट्रोलर दोन आणि भाऊ दोन. हिची पाळी दोघांना भूक लागली की यायची. हट्ट करणारी मुलगी नव्हती ती. जेवताना एकदाच म्हणाली, "अप्पा, आपण पण घ्यायचा का?" आणि पानातलं वांगं बाजूला सारायला लागली.

पैसे नव्हते अशातला भाग नाही. त्या महिन्यात महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली होती. पण खेळायच्या डब्यावर एवढा खर्च करायला जीव होईना. दुसऱ्या दिवशी कचेरीत अण्णांना सहज बोललो. सहज म्हणतो खरं, पण त्यांच्याकडे जाताना ते काय सांगतील हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

त्यांनी हातातलं काम ठेवलं. एका जुन्या कालव्याच्या नकाशाची मागची बाजू घेतली आणि दोन शाया काढल्या. खाली आडवी वर्षं, बाजूला उभे रुपये. लाल रेष कन्सोलची. ती खालून निघाली, कारण डबा स्वस्त. मग दर वर्षी चढत गेली, कारण एकेक खेळ महाग, ऑनलाइन खेळायची वर्गणी वेगळी, कंट्रोलर दीड वर्षात सैल पडतो तो वेगळा. सहाव्या वर्षी लाल रेष भिंतीसारखी सरळ वर गेली. "हिंगे, या इथे, काय झालं? कंपनीनं नवा डबा काढला. जुन्यासाठी खेळ येणं बंद. किंवा आतला बोर्ड गेला. बंद डबा अहे, उघडता येत नाही. एक अवयव गेला म्हणून माणसाला अख्खा जाळतोस का?" निळी रेष पीसीची. ती वरून निघाली, पण पुढे जवळजवळ सपाट. खेळ सवलतीत पाव किमतीला मिळतात, मेलेला भाग तेवढाच बदलायचा, शिवाय अभ्यासाला उपयोग. दोन्ही रेषा सहाव्या वर्षी एकमेकींना छेदत होत्या. अण्णांनी खिशातून कुंकवाची पुडी काढून त्या बिंदूवर एक टिकली लावली.

"पण पीसी एकदम घ्यायचा तर तिप्पट पैसे," मी म्हटलं.

"एकदम कोण घे म्हणतो?" अण्णा म्हणाले. "गोलू एका वर्षात मांडला का कोणी?"

आमच्याकडे नवरात्रात पायऱ्या लावून त्यावर बाहुल्या मांडतात, तो गोलू. दर वर्षी एक नवी बाहुली घ्यायची, जुनी टाकायची नाही. पिढ्यान् पिढ्यांत पायऱ्या भरतात. अण्णांचं म्हणणं, पीसी तसाच मांडावा. दर विजयादशमीला एक वस्तू. आणि क्रमही त्यांनी ठरवून दिला: जे लवकर म्हातारं होत नाही ते आधी, जे होतं ते शेवटी. म्हणजे पहिल्या वर्षी कॅबिनेट आणि वीजपुरवठ्याचा डबा. दुसऱ्या वर्षी स्क्रीन आणि कीबोर्ड. तिसऱ्या वर्षी बोर्ड, प्रोसेसर, मेमरी. खेळ ज्याच्यावर चालतात ते ग्राफिक्स कार्ड चौथ्या वर्षी, कारण ते सगळ्यात लवकर जुनं होतं.

तर्कात कुठे फट नव्हती. आजही मला सापडत नाही.

माझी बायको सोलापूरची. तिनं तो कागद नीट बघितला आणि म्हणाली, "या आडव्या रेषेवर वर्षं कुणाची आहेत?" यंत्राची, मी म्हटलं. "मग पोरीची कुठे काढलीत?" मला तो बायकी फाटा वाटला. मी कागद समोरच्या खोलीत टाचणीनं लावून टाकला आणि मुलीला दोन्ही रेषा समजावून सांगितल्या. तिला गणित चांगलं होतं. तिनं मान डोलावली.

पहिल्या विजयादशमीला त्रिचीहून कॅबिनेट आलं. काळं, भारी, बाजूला काच. आत काही नाही. अण्णा स्वतः आले, वीजपुरवठ्याचा डबा आत बसवला, गंध लावलं, प्रसादाचं हरभऱ्याचं सुंदल खाल्लं, गेले. मुलगी काचेतून आत बघत बसली होती. दुसऱ्या वर्षी स्क्रीन आणि कीबोर्ड. कीबोर्ड जोडायला काही नव्हतंच.

एका दुपारी मी लवकर घरी आलो. मुलगी बंद स्क्रीनसमोर बसलेली, कीबोर्ड मांडीवर, त्याची वायर जमिनीवर लोळतेय. बोटं भराभर चालत होती. मधूनच ती एका बाजूला कलायची, जसं काही गाडी वळवतेय. मला बघून दचकली आणि कीबोर्ड पुसायला लागली.

ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी कचेरीत हसत हसत सांगितली. हो, हसत हसत. लोक हसले. अण्णा तर खूश झाले. म्हणाले, "चांगलं अहे रे! हाताला सवय होऊ दे." आज ती दुपार आठवली की अण्णांचा राग येतो, आणि तो राग त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच वाटेत मी उभा असतो.

ती तेरा वर्षांची झाली तशी बहिणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आता मुलांच्या खोलीत दार लावून खेळायला ही नको, त्यांचे मित्रही येतात, चार लोक बोलतात. मी सेरी, बरं, म्हटलं. तिला घरी काय सांगितलं ते लक्षात नाही. अभ्यास वाढलाय, असलंच काहीतरी असणार. भाऊ संध्याकाळी खेळत राहिले, ही आमच्या खोलीत काचेच्या पेटीशेजारी बसून अभ्यास करायला लागली.

तिसऱ्या वर्षी मशीन सुरू झालं. शाळेचे प्रकल्प होत होते, पत्त्यांचे खेळ चालत होते. भाऊ जे खेळायचे ते चालत नव्हतं. सुरू केलं तर चित्र अडखळत अडखळत पुढे सरकायचं, कालव्यातल्या जलपर्णीसारखं. कार्ड पुढच्या वर्षी, अण्णा म्हणाले.

पुढच्या वर्षी टाळेबंदी लागली. सगळं जग घरात बसलं, आणि जगभरात ग्राफिक्स कार्डांचे भाव असे भडकले की कार्डाच्या किमतीत अख्खा पीसी आला असता. तेव्हा ती चौदा वर्षांची. शाळा बंद, मैत्रिणी बंद, गल्ली बंद. भाऊ आणि त्यांचे मित्र ऑनलाइन जमून रोज खेळत. त्यांच्या गप्पाही तिथेच चालायच्या. एकदा तिनं विचारलं, "अप्पा, कार्ड?" मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "आत्ता घेशील तर निळी रेष अस्की बिघडेल. भाव उतरू दे." मी तिला सांगितलं, भाव उतरू दे.

भाव उतरायला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत कधीतरी तिनं विचारणं थांबवलं. नक्की कधी ते मला सांगता येत नाही. मागणारं माणूस मागायचं थांबलं की घरात एक शांतता येते आणि बापाला ती सुख वाटते.

त्याच सुमारास भाच्यांचा कन्सोल गेला. सुरू केला की शिट्टी वाजवून बंद. दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. बाजारात नवा आलेला होता तो दुप्पट भावानं आणि तोही मिळेना. अण्णा मोपेडवरून आमच्या दारात आले, मास्क हनुवटीवर, डोळे चमकत होते. "कितवं वर्ष रे? बोल, कितवं वर्ष?"

"सहावं," मी म्हटलं.

"मी सांगिटलं होतं का नाही?" ते आत गेले, भिंतीवरच्या कागदासमोर उभे राहिले आणि टिकलीवर बोट ठेवलं. त्यांच्या आयुष्यात कुणी त्यांना कधी पदक दिलं नव्हतं. ते त्यांना त्या दिवशी मिळालं. मुलगी पलंगावर पुस्तक वाचत होती. तिनं त्यांच्याकडे बघून हसून मान डोलावली आणि पान उलटलं.

ती कोइम्बतूरला कॉलेजात गेली, त्या वर्षीच्या विजयादशमीला कार्ड आलं. मी आणलं नव्हतं. अण्णांनी आणलं होतं, स्वतःच्या पैशांनी, नवंकोरं, खोक्यासकट. हा माणूस नवी वस्तू स्वतःसाठी विकत घ्यायचा नाही, हे लक्षात घ्या. मुलगी सुटीला घरी होती. त्यांनी तिला शेजारी बसवून कार्ड बसवलं, गंध लावलं, भाऊ खेळायचे तोच खेळ आधी उतरवून ठेवला होता तो लावला. चित्र असं लख्ख आलं की मीही पुढे सरकलो.

"बस पोरी," अण्णा म्हणाले, "आता खेळ. दहा वर्षं याला काही होत नाही."

ती बसली. पडद्यावरचा माणूस दोन पावलं चालला, भिंतीवर आपटला, वर आकाशाकडे बघत राहिला. तिनं वळवला तर गोल गोल फिरायला लागला. कुणीतरी येऊन त्याला मारून टाकलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा तेच. चार-पाच वेळा झालं. ती ओशाळून हसली. "काका, मला हे येत नाही. हे लहानपणी शिकावं लागतं. आता अस्के माझ्यापेक्षा खूप पुढे गेले. ऑनलाइन गेलं तर हसतात." मग त्यांचं तोंड बघून घाईनं म्हणाली, "पण मशीन सूपर आहे हं. थँक्स काका." मशीन नीट बंद केलं, त्यांच्या पाया पडली आणि आईला मदत करायला आत गेली.

बायको आतून म्हणाली ते दोघांनाही ऐकू गेलं. "बैल गेला नि झोपा केला."

आणि मग मी बोललो. सात वर्षांचं बोललो. तुमच्या रेषा, तुमच्या टिकल्या, तुमचा तो त्रिची ते त्रिची. यंत्र दहा वर्षं टिकतं अण्णा, अकरावं वर्ष एकच वर्ष टिकतं. हे तुम्हाला कधी दिसलं नाही, कारण तुमच्या घरात कुणी वाढलंच नाही. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण बोललो, आणि बोलताना बरंही वाटलं.

त्यांनी चष्मा पुसला नाही. "माझं चुकलं असेल," ते हळू म्हणाले. "मला यंत्राचं कळतं. यंत्राचं विचारलंस, यंत्राचं सांगिटलं. पण पोर तुझी. ती रोज तुझ्यासमोर होती. तू का थांबलास?"

उत्तर मला त्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला 'नाही' म्हणायचं होतं आणि त्यासाठी एक कागद हवा होता. त्यांनी तो प्रेमानं काढून दिला.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. मीही गेलो नाही. गल्लीत दिसले तर "काय अण्णा", "काय रे" एवढंच. पुढच्या आडी, म्हणजे आषाढ, महिन्यात, कावेरीला पाणी सोडलं त्या आठवड्यात, ते झोपेत गेले. काही आजार नाही, दुखणं नाही. शेवटपर्यंत कंडिशनमध्ये.

तेराव्याच्या वड्यांचं पीठ अक्कांनी घरच्या ग्राइंडरवर वाटलं. पहाटेपासून जेवणं उरकेपर्यंत तो चालत होता, आवाज राजवाड्याच्या भिंतीपर्यंत जात असेल. त्याला काही झालं नाही. अक्का त्याच्याजवळ स्टुलावर बसून होत्या, मी निघताना पाया पडलो तर म्हणाल्या, "किती वर्षं शेजारी पीठ घेऊन गेले रे मी." रडल्या नाहीत. मला त्यांच्यासमोर उभं राहवेना.

मुलगी तेराव्यासाठी आली होती. दुपारी परतायची बॅग भरताना तिनं मला बोलावलं. आमच्या समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलंय, त्यांची मुलगी दहा वर्षांची. सुटीत आली की ही तिला चित्रं काढायला शिकवते. ती पोर म्हणे आमच्या त्या मशीनच्या काचेला नाक लावून बसते. "अप्पा, हे तिला देऊ या. असंच पडून आहे. तुम्ही त्याच्यावर लाइटचं बिल तर भरता, ते फोनवर होतं. आजच नेऊन देऊ, मी उचलते एका बाजूनं."

मी मशीनकडे बघितलं. एवढं चांगलं कार्ड. अजून नऊ वर्षं कुठे जात नाही.

"देऊ की," मी म्हटलं. "आधी माझ्या फायली काढून घेतो. त्यांचं बिऱ्हाड किती दिवस राहतंय तेही बघू. घाई काय अहे?"

"ती दहा वर्षांची आहे, अप्पा."

"तेच म्हणतोय मी. अजून लहान अहे."

बोलल्यावर मला ऐकू आलं मी काय बोललो ते. मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त समजल्यासारखी मान डोलावली, बॅगेची चेन ओढली आणि चारच्या बससाठी निघाली.